वाल्डेमार हाफकिन : आधी स्वतःला टोचून घेणारा शास्त्रज्ञ

गणपतीत आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की आम्हा बडोद्याच्या मराठी घरांत थोरली मंडळी जुन्या गोष्टी काढून बसतात. त्यात प्लेगची गोष्ट हटकून निघते. घरात उंदीर मरून पडला की भांडीकुंडी घेऊन गावाबाहेर शेतात झोपड्या बांधून राहायचे, कोणाच्या काखेत किंवा जांघेत गाठ दिसली की घरच्यांचे धाबे दणाणायचे, एकाच घरातून आठवड्यात दोन-दोन, तीन-तीन तिरड्या निघायच्या, असे आम्ही आजी-आजोबांकडून ऐकले आणि त्यांनी त्यांच्या आजी-आजोबांकडून. या गोष्टींत एक तपशील नेहमी येतो, घरातल्या कोणी टोचून घेतले होते आणि कोणी घेतले नव्हते. ते टोचणे कोणी शोधून काढले आणि ते खरेच गुणकारी आहे हे सिद्ध करण्यात आपल्या बडोदे संस्थानातल्या एका खेड्याचा वाटा केवढा होता, हे मात्र आमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र सांगण्याचे आम्ही योजले आहे.

परळची हाफकिन संस्था सगळ्यांना नावाने माहीत असते. सर्पदंशावरचे औषध, पोलिओचे डोस यांच्यामुळे ते नाव घरोघर पोचले. पण ज्यांच्यावरून ते पडले ते हाफकिन कोण, असे विचारले तर बहुतेकजण कोणी इंग्रज डॉक्टर असावेत असे सांगतात. ते इंग्रज नव्हते आणि वैद्यकीची पदवी घेतलेले डॉक्टरही नव्हते. या दोन्ही गोष्टी पुढे त्यांना फार महागात पडल्या.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा या काळ्या समुद्राच्या काठच्या बंदरात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज युक्रेनमध्ये आहे. घराणे ज्यू व्यापाऱ्याचे. शाळेचे शिक्षण बर्द्यान्स्क येथे झाले आणि १८७९ मध्ये ते ओडेसाच्या विद्यापीठात सृष्टिविज्ञान शिकायला आले. तिथे त्यांना गुरू भेटले ते इल्या मेचनिकॉफ. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात हे पुढे दाखवून देणारे आणि १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते मेचनिकॉफ. गुरुशिष्यांचा हा धागा पुढे बरीच वर्षे टिकला.

त्या काळच्या रशियात ज्यू असणे म्हणजे पावलोपावली अडवणूक. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला आणि ठिकठिकाणी ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ओडेसात वस्तीच्या रक्षणासाठी तरुणांनी पथक उभारले. त्यात हाफकिन होते. मारामारीत ते जखमी झाले, पकडले गेले, आणि मेचनिकॉफ यांनी शब्द टाकला म्हणून सुटले. विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळवायची तर ख्रिस्ती धर्म घ्यावा लागेल असा पर्याय पुढे आला. त्यांनी तो नाकारला. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिसंग्रहालयाच्या वस्तुसंग्रहात एकपेशीय जीवांचा अभ्यास करत काढली आणि १८८८ मध्ये देश सोडला.

आधी जिनिव्हात शरीरशास्त्राच्या अध्यापकांचे सहायक म्हणून वर्षभर काम केले. मग १८८९ मध्ये ते पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले. मेचनिकॉफ आदल्याच वर्षी तिथे दाखल झाले होते. सूक्ष्मजंतुशास्त्राच्या दृष्टीने ते दिवस भरभराटीचे होते. जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला होता, १८८४ मध्ये कलकत्त्याच्या तळ्यातल्या पाण्यात पटकीचा जंतू ओळखला होता. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलाला लस टोचून वाचवले होते. अशा ठिकाणी जागा मिळावी म्हणून जगभरातले तरुण धडपडत. हाफकिन यांना जागा मिळाली, पण ती ग्रंथालयात, साहाय्यक ग्रंथपाल म्हणून. दिवसभर पुस्तके लावायची आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेच्या टेबलावर घालवायचा, असे त्यांचे सुरुवातीचे आयुष्य होते. विरंगुळ्याला व्हायोलिन होते.

त्या उरलेल्या वेळात त्यांनी पटकीवरची लस तयार केली. स्पेनमध्ये फेरान यांनी १८८५ मध्ये असा प्रयत्न केला होता, पण लोकांचा भरवसा बसेल असा पुरावा त्यातून पुढे आला नव्हता. हाफकिन यांनी पटकीचे जंतू गिनीपिगच्या पोटात एकामागून एक अनेक वेळा वाढवून त्यांची तीव्रता खूप वाढवली. दुसरीकडे त्याच जंतूंना ऊब आणि वारा देऊन सौम्य केले. आधी सौम्य जंतू टोचायचे, काही दिवसांनी तीव्र, अशी दोन टप्प्यांची पद्धत. प्राण्यांवर ती लागू पडली. माणसावर लागू पडते का, हा पुढचा प्रश्न होता.

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली, काही दिवसांत ते हिंडू-फिरू लागले. मग तीन रशियन मित्रांनी टोचून घेतले. हे सगळे झाल्यावरच त्यांनी पॅरिसच्या शास्त्रज्ञांपुढे आपले काम मांडले. लसीचा पहिला धोका स्वतःच्या अंगावर घ्यायचा, हा नेम त्यांनी पुढेही मोडला नाही.

त्या वर्षी रशियात पटकीची साथ होती. हाफकिन यांनी लस द्यायची तयारी दाखवली. मायदेशाने ती नाकारली. पॅरिसमध्ये तेव्हा ब्रिटिशांचे राजदूत होते लॉर्ड डफरिन, म्हणजे आपले माजी व्हाइसरॉय. त्यांच्या मध्यस्थीने हिंदुस्थानचा रस्ता मोकळा झाला. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. ज्या वर्षी लोकमान्यांनी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली, तेच हे वर्ष.

पहिल्या दोन-अडीच वर्षांत त्यांनी उत्तर हिंदुस्थानात, पंजाबात आणि आसामच्या चहाच्या मळ्यांत फिरून चाळीस हजारांहून अधिक लोकांना पटकीची लस टोचली. पण नुसता टोचलेल्यांचा आकडा वाढवून त्यांचे समाधान होत नव्हते. पलटणी एका छावणीतून दुसरीकडे जात, मजूर मळे बदलत. मग ज्यांना टोचले ते रोगातून वाचले, की रोग त्यांच्यापर्यंत आलाच नाही, हे कळायचे कसे? त्यांना हवे होते असे ठिकाण, जिथे टोचलेली आणि न टोचलेली माणसे एकाच तळ्याचे पाणी पितात आणि एकाच छपराखाली निजतात.

ते ठिकाण १८९४ मध्ये कलकत्त्याच्या बस्त्यांत मिळाले. मजूर पहाटे कामाला जात म्हणून टोचणारे दिवस उजाडण्याआधी हजर होत आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात पुन्हा येत. बरोबरचे बंगाली डॉक्टर आधी लोकांसमोर स्वतःला टोचून घेत. काटाल बागान नावाच्या एका बस्तीत सुमारे २०० माणसांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. पुढे त्या बस्तीत १० जणांना लागण झाली आणि त्यातले ७ दगावले. हे दहाही जण न टोचलेले होते. हाफकिन यांना पुरावा कसा गोळा करायचा याची वाट इथे सापडली.

मधल्या काळात हिवतापाने खंगून ते युरोपात जाऊन आले. परत येतात तोच मुंबईहून बोलावणे आले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला होता. थोड्याच महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गावोगाव निघाले आणि त्यांच्या बोचक्यांबरोबर रोगही निघाला. हाफकिन ७ ऑक्टोबरला मुंबईत पोचले. त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई एवढा सरंजाम मिळाला.

प्लेगचा जंतू सापडून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिन आणि किटासाटो यांनी तो ओळखला. त्याच्यावर लस नव्हती. हाफकिन यांनी या वेळी वेगळा रस्ता धरला. जिवंत जंतू टोचण्याऐवजी ते पुरेसे वाढवायचे, उष्णतेने मारायचे आणि मेलेले जंतू टोचायचे. शरीर मेलेल्या जंतूंवरून शत्रूची ओळख करून घेते आणि पुढे जिवंत जंतू आला की तयारीत असते.

पण जंतू पुरेसे वाढवायचे कसे? इथे त्यांच्या उपयोगी पडले आपले घरचे तूप. चंबूत मांसाचा रस्सा घ्यायचा, त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. जंतू त्या थेंबांच्या खालच्या बाजूला धरतात आणि वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबत वाढतात. चंबू हलवला की पारंब्या गळून तळाशी बसतात आणि तुपाखाली नव्या फुटतात. असे काही आठवडे चालले की चंबू जंतूंनी दाट होतो. मग तो तापवून जंतू मारायचे आणि वरून थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. हिंदू किंवा मुसलमान कोणाचेच मन दुखू नये म्हणून रस्सा बकऱ्याच्या मांसाचा वापरत. परदेशातून आलेल्या माणसाने ही काळजी घेतली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

काम जीवघेणे होते. एका सहायकाचे मन खचले, दोघे सोडून गेले. तीन महिन्यांनी लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली, पुढे सर्वांना द्यायची त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या मात्रेने. ताप चढला, अंग दुखले, ते सगळे त्यांनी लिहून ठेवले आणि कामावर गेले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना सक्ती न करता विचारण्यात आले आणि जवळपास निम्म्यांनी टोचून घेतले. टोचणीच्या वेळीच ज्यांच्या अंगात रोग भिनलेला होता ते तिघे वाचले नाहीत. बाकीच्यांचा हिशेब असा झाला की न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ गेले, तर टोचलेल्यांत दोघांना झाला आणि दोघेही बरे झाले. या हिशेबानंतर मुंबईतले लोक आपणहून पुढे येऊ लागले. तिसरे आगाखान तेव्हा विशीचे होते. त्यांनी सर्वांसमोर टोचून घेतले, खोजा समाजाला तसे करायला सांगितले आणि पुढे हाफकिन यांच्या कामासाठी आपला बंगलाही दिला.

आता थोडे पुण्याकडे वळू, कारण त्याशिवाय हाफकिन यांच्या वागण्याचे मोल कळत नाही. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग पसरला. सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. सरकारने रँडसाहेबाला नेमले. गोऱ्या सोजिरांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या, सामान बाहेर फेकले, बायाबापड्यांना रस्त्यावर आणून तपासले, धडधाकट माणसांनाही छावण्यांत नेऊन टाकले. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. पुढे १९०३ मध्ये लोकमान्यांच्या थोरल्या मुलाला, विश्वनाथला, प्लेगनेच नेले. मराठी माणसाच्या मनात प्लेग म्हणजे नुसता रोग राहिला नाही, तो सरकारी जुलमाचाही दुसरा शब्द झाला.

अशा हवेत सरकारच्या पगारावरचा एक परदेशी माणूस सुई घेऊन दारात उभा राहिला तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? टोचून घेतले की वंश बुडतो, धर्म बाटतो, माणूस जागीच मरतो, अशा अफवा गावोगाव होत्या. हाफकिन यांचा आग्रह एकच होता. टोचणे ऐच्छिकच असले पाहिजे. लोकांना समजावून सांगा, आधी स्वतः टोचून घ्या आणि मग निकाल लोकांपुढे मांडा. सक्तीने साथ हटत नाही, विश्वासाने हटते, हे रशियात स्वतः मार खाल्लेल्या या माणसाला वेगळे शिकवावे लागले नाही.

आता येतो आपल्या घरचा भाग. १८९८ च्या सुरुवातीला बडोदे संस्थानात प्लेग होता. गादीवर सयाजीराव महाराज होते. बडोद्यापासून सहाएक मैलांवरच्या उंढेरा या खेड्यात साथ चालू होती आणि संस्थानच्या अधिकाऱ्यांच्या मदतीने हाफकिन आणि त्यांचे सहकारी बॅनरमन यांनी तिथे लस टोचण्याचे ठरवले.

१२ फेब्रुवारी १८९८ या दिवशी गाव गोळा झाले. गावात सुमारे ९५० माणसे होती. एकेक कुटुंब पुढे बोलावून बसवण्यात आले आणि प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना टोचले. पुरुषांतले निम्मे, बायकांतल्या निम्म्या, मुलांतली निम्मी. ५१३ जणांना टोचले, बाकीच्यांना तसेच ठेवले. एकाच घरात नवऱ्याला टोचले तर बायको राहिली, एक भाऊ टोचलेला तर दुसरा नाही. घर तेच, अंथरूण तेच, ताटातले अन्न तेच, आढ्यावरचे उंदीर तेच. फरक फक्त सुईचा. आज नव्या औषधाची पारख करताना माणसांचे दोन सारखे गट करतात. त्याची फार सुरुवातीची एक पायरी आपल्या शेजारच्या या खेड्यात बांधली गेली.

पुढे सहा आठवडे प्लेग गावात फिरत राहिला. त्यानंतर सरकारी आणि संस्थानी अधिकारी घरोघर गेले आणि हिशेब मांडला. प्लेग २८ कुटुंबांत शिरला होता. त्या कुटुंबांत टोचलेली माणसे ७१ होती आणि न टोचलेली ६४. न टोचलेल्या ६४ पैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ मेले. टोचलेल्या ७१ पैकी ८ जणांना झाला आणि ३ मेले. टोचलेलेही त्याच प्रमाणात मरते तर २९ माणसे गेली असती.

हे आकडे आम्ही पहिल्यांदा वाचले तेव्हा आधी आनंद झाला. मग त्या २६ जणांपाशी मन अडले. ते कोण होते? त्यांची नावे आमच्यापर्यंत आलेली नाहीत. ज्यांना त्या दिवशी टोचले नाही, त्यांना कदाचित आपण सुटलो असेच वाटले असेल, कारण सुईची भीती रोगाहून कमी नव्हती. लस चांगली की वाईट हे त्या गावात पुरतेपणी कोणालाच माहीत नव्हते, आणि ते माहीत होण्यासाठीच हा खटाटोप होता. पण त्याची किंमत त्या २६ घरच्या माणसांनी दिली. आजचे नियम इतके मोकळे नाहीत. माणसाला सगळे समजावून त्याची लेखी संमती घ्यावी लागते. हाफकिन यांचा मोठेपणा सांगताना ही बाजू झाकून ठेवणे आम्हाला योग्य वाटत नाही. लाखो माणसांनी पुढे या लसीवर विश्वास ठेवला, त्या विश्वासाच्या पायात उंढेऱ्याचे हे २६ जण आहेत.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा थाटामाटात सुरू झाली. एका खोलीपासून सुरुवात केलेल्या माणसाच्या हाताखाली आता मोठी वास्तू आणि बरीच माणसे होती. १८९७ मध्येच राणीच्या कारकिर्दीच्या साठाव्या वर्षी त्यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला होता. पुढे ते ब्रिटिश प्रजाजनही झाले. मात्र वैद्यकीची पदवी नसलेला रशियन ज्यू एवढ्या मोठ्या संस्थेचा प्रमुख असावा, हे सरकारी वैद्यकीय खात्यातल्या अनेकांना खुपत होते.

१९०२ मध्ये पंजाबने लाखो लोकांना टोचण्याची मोहीम आखली. एवढी लस वेळेत पुरवायची म्हणून परळला नवी, जलद पद्धत सुरू झाली. पॅरिसला ती आधीपासून वापरात होती. तिच्यात जंतू उष्णतेने मारत, पण कार्बोलिक घालत नसत. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या पंजाबातल्या गावी १०७ जणांना टोचले. त्यातल्या १९ जणांना थोड्या दिवसांत धनुर्वात झाला आणि एकोणीसही मेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. तिच्यावर क्रमांक होता ५३-एन.

चौकशी बसली. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स अध्यक्ष होते. बाटली परळहून निघतानाच दूषित असावी, असा समितीचा कल पडला आणि कार्बोलिक न घातल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना काम सोडावे लागले. १९०४ मध्ये ते लंडनला गेले. ज्यांच्या हातून इतके जीव वाचले होते त्यांच्याकडे लोक १९ जणांचा मारेकरी म्हणून पाहू लागले.

खरी हकीकत त्याच चौकशीच्या कागदांत होती. मुलकोवालला ती बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट उकळून निर्जंतुक न करता नुसता बुडवून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. शिवाय धनुर्वाताचे जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढले असते तर बूच काढताच उग्र दर्प आला असता. बाटली उघडणाऱ्या अधिकाऱ्याला तसा कसलाही वास आला नव्हता. म्हणजे जंतू बाटलीत शिरले ते परळला नव्हे, गावात बूच काढताना.

एवढी साधी गोष्ट सरकारदरबारी मान्य व्हायला पाच वर्षे लागली. हाफकिन चिकाटीने कागद जमवत राहिले. त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्यांत सर रोनाल्ड रॉस होते. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू त्यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत पाहिला होता आणि १९०२ चे नोबेल मिळवले होते. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र छापून आले. हाफकिन निर्दोष असल्याचे त्यात स्पष्ट मांडले होते. त्या वर्षअखेर सरकारने त्यांना पुन्हा नोकरीवर घेतले.

पण घेतले कसे? परळची जागा आता दुसऱ्याकडे होती. त्यांना कलकत्त्याला पाठवले, पगार वाढवला नाही आणि माणसांवर लसीचे नवे प्रयोग करण्याची मुभा दिली नाही. ज्या माणसाचे सगळे आयुष्य लस आणि तिचा निकाल यांत गेले, त्याला नुसते टेबलावरचे संशोधन करायला बसवले. डाग पुसला, पण हातातले काम परत मिळाले नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले आणि हिंदुस्थान कायमचा सोडून गेले.

उरलेली वर्षे फ्रान्समध्ये आणि शेवटी स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात गेली. लग्न केले नव्हते. तरुणपणी ज्या धर्मासाठी अध्यापकाची जागा नाकारली होती, त्याच धर्माच्या आचाराकडे ते म्हातारपणी पूर्णपणे वळले आणि आपली मिळकत ज्यू धर्मशाळांतल्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ठेवली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले. तोवर तिथून प्लेगच्या लसीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. ऑक्टोबर १९३० मध्ये लोझानला त्यांचे देहावसान झाले. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

त्यांच्या आयुष्यात काटाल बागान, भायखळा, उंढेरा आणि मुलकोवाल ही चार ठिकाणे ओळीने येतात. पहिल्या तिन्ही ठिकाणी निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि चौथ्या ठिकाणी त्यांना धुळीला मिळवणारा. चारही ठिकाणी त्यांची मागणी एकच होती. काय घडले ते नीट मोजा आणि लोकांना दाखवा. उंढेऱ्याच्या आकड्यांनी ते मोठे झाले आणि मुलकोवालच्या कागदांनीच शेवटी ते निर्दोष ठरले. गेल्या काही वर्षांत आपण सगळ्यांनी एक मोठी साथ पाहिली, लसीसाठी रांगा लावल्या, अफवाही ऐकल्या. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आपल्या पणज्यांनी नेमके हेच सोसले होते, आणि त्यांच्याकडे तर आपल्याइतकी माहितीही नव्हती.

जाता जाता एक विनंती. त्या काळी टोचून घेतलेल्यांना दाखला मिळत असे. तो दाखवला की छावणीत जाणे टळे, म्हणून लोक तो जपून ठेवत. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत, पेट्यांत, पोथ्यांच्या बासनांत असा एखादा दाखला, प्लेगच्या वर्षाची जमाखर्चाची वही किंवा शेतातल्या झोपडीतून लिहिलेले पत्र अजून असेल. घरे पाडून इमारती उठताहेत, तशी ही कागदपत्रे रद्दीत चालली आहेत. ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते फेकू नये. मंडळाच्या वाचनालयात आणून दाखवावे, आम्ही त्याची प्रत करून मूळ कागद परत देऊ. उंढेऱ्याच्या त्या २६ जणांची नावे आपल्याला कदाचित कधीच मिळणार नाहीत. पण आपल्या घरात कोणी टोचून घेतले आणि कोण राहिले, एवढे तरी पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवता येईल.